सहा एकर की एक बादली?
वायू वेगळे करणाऱ्या पॉलिमर मेम्ब्रेनसाठी काय करावे, काय टाळावे

प्रेसमडपासून किंवा शेणापासून निघणाऱ्या बायोगॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतेक वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो काढला की गाडीत भरण्याजोगे इंधन मिळते. समजा, तासाला ४० घनमीटर कार्बन डायऑक्साइड काढायचा आहे आणि मेम्ब्रेनच्या दोन बाजूंमध्ये त्याच्या आंशिक दाबाचा सरासरी फरक ३ बार आहे. १० बॅरर पारगम्यतेच्या पॉलिमरची ५० मायक्रॉन जाडीची फिल्म वापरली, तर सुमारे २५,००० चौरस मीटर क्षेत्र लागेल. म्हणजे सहा एकर. तेच पॉलिमर ०.१ मायक्रॉनच्या निर्दोष थरात उतरवले, तर ५० चौरस मीटर पुरते. पोकळ तंतूंच्या रूपात एवढे क्षेत्र एका बादलीच्या आकारमानात मावते.

दोन्ही वेळा पॉलिमर एकच होते, फरक पडला तो कारागिरीने. म्हणून मेम्ब्रेनवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि प्लांटवरच्या अभियंत्यांना मनापासून सांगायचे आहे ते हे: नव्या रेणूचा शोध जरूर घ्या, पण मेम्ब्रेनची खरी कामगिरी तीन परीक्षांनंतर जी उरते तीच. थर पातळ झाल्यावर, वायू मिश्र झाल्यावर आणि महिने उलटल्यावर. पुढची यादी या तीन परीक्षांच्या तयारीची आहे.

दोन एकके आधी पक्की करू. बॅरर हे पदार्थाच्या पारगम्यतेचे एकक, त्यात जाडीचा हिशेब आधीच धरलेला असतो. जीपीयू हे प्रत्यक्ष थरातून किती वायू जातो याचे एकक. १ बॅररच्या पॉलिमरचा १ मायक्रॉन जाडीचा थर म्हणजे १ जीपीयू. संशोधन बॅररमध्ये बोलते, कारखाना जीपीयूमध्ये.

१. पॉलिमर निवडताना

काय करावे

• आधी वायूंची जोडी ठरवा, मग पॉलिमर. पारगम्यता म्हणजे विद्राव्यता गुणिले विसरण. वायू पॉलिमरमध्ये किती विरघळतो आणि आत किती वेगाने सरकतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कार्बन डायऑक्साइडचा गतिज व्यास ३.३ अँगस्ट्रॉम, मिथेनचा ३.८. शिवाय कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३१ अंश सेल्सिअस, तर मिथेनचे उणे ८३. म्हणजे कार्बन डायऑक्साइड आकारानेही लहान आणि विरघळायलाही सोपा. दोन्ही गुण एकाच बाजूने ओढतात. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या जोडीत मात्र ते एकमेकांविरुद्ध जातात: हायड्रोजन लहान, पण विरघळतो दुसराच जास्त. एका जोडीला उत्तम ठरलेले पॉलिमर दुसरीला कुचकामी ठरू शकते, ते यामुळे.

• साखळी ताठ करा आणि तिची घट्ट बैठक मोडा. ताठ साखळी चाळणीसारखी निवड करते, आणि साखळ्या एकमेकींना चिकटून बसल्या नाहीत की वायूला वाट मिळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलीबेंझिमिडॅझोलवर याच दिशेने काम झाले आहे. हायड्रोजन बंधांमुळे हे पॉलिमर फार घट्ट बसते. साखळीत आकाराने मोठे गट आणून त्याची पारगम्यता वाढवण्यात आली. मँचेस्टरच्या बड आणि मॅककिऑन यांनी २००४ मध्ये मांडलेले पिम-१ याच विचाराचे टोक आहे. त्याच्या वाकड्या, न वळणाऱ्या साखळ्या एकमेकींशेजारी नीट बसूच शकत नाहीत.

• रॉबसनची मर्यादारेषा भिंतीवर लावा. पारगम्यता वाढली की निवडक्षमता, म्हणजे दोन वायूंच्या पारगम्यतांचे गुणोत्तर, घटते, हे लॉइड रॉबसन यांनी १९९१ मध्ये आलेखावर दाखवले आणि २००८ मध्ये रेषा नव्याने आखली. कार्बन डायऑक्साइड व मिथेनच्या जोडीसाठी २००८ च्या रेषेवर १०० बॅररला निवडक्षमता साठीच्या आसपास येते. नेहमीचे पॉलीसल्फोन ५.६ बॅरर आणि २२ वर उभे आहे. आपण कुठे आहोत आणि कुठे जायचे आहे, ते या चित्रात एका नजरेत दिसते. २०१९ मध्ये ही रेषा आणखी वर सरकली. तुलना करताना कोणत्या सालची रेषा घेतली ते लिहा.

काय टाळावे

• पारगम्यतेच्या एकट्या मोठ्या आकड्यावर भाळू नका. सिलिकोन रबरातून कार्बन डायऑक्साइड सुमारे ३,००० बॅररने जातो, पण मिथेनही मागोमाग जातो; निवडक्षमता जेमतेम तीन-साडेतीन.

• वापरता येणार नाही इतक्या निवडक्षमतेसाठी वर्षे घालवू नका. औष्णिक वीज केंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १३ टक्के धरला आणि मेम्ब्रेनच्या दोन बाजूंच्या दाबांचे गुणोत्तर ५ असले, तर पलीकडे ६५ टक्क्यांपेक्षा जास्त शुद्धता मिळूच शकत नाही. निवडक्षमता ५० असो की ५००, ही मर्यादा दाबाने घातलेली आहे. अशा ठिकाणी जीपीयू वाढवणे जास्त उपयोगाचे.

• कमी रेणुभाराचे पॉलिमर ‘चालेल’ म्हणून पुढे नेऊ नका. फिल्म घडी घालताच तुटत असेल, तर तिचे पोकळ तंतू कधीच निघणार नाहीत.

२. फिल्म ओतताना

काय करावे

• द्रावण गाळा, मग बुडबुडे जाईपर्यंत शांत ठेवा. धुळीचा एक कण म्हणजे संभाव्य छिद्र. ओतण्याची काच पाणपातळीने सपाट करून घ्या. एक बाजू जाड आणि दुसरी पातळ झाली की पुढचे सगळे आकडे डळमळतात.

• सॉल्व्हंट सावकाश उडू द्या. पेट्री डिशवर गाळणीचा कागद किंवा छिद्रे पाडलेले झाकण ठेवा. क्लोरोफॉर्म घाईने उडाला की पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरते आणि बारीक खळगे उमटतात.

• आर्द्रतेची नोंद रोज ठेवा. एनएमपी आणि डीएमएफ हे सॉल्व्हंट हवेतले पाणी ओढून घेतात, आणि पाणी शिरले की पॉलिमर द्रावणातून अवेळी बाहेर पडते. फिल्म दुधाळ होते. मुंबईत किंवा कोकणात जूनमध्ये फसलेली फिल्म जानेवारीत आपोआप ‘सुधारली’, तर ते यश आपल्या कृतीचे नसून ऋतूचे असू शकते. ग्लोव्ह बॉक्स किंवा कोरड्या नायट्रोजनची पेटी नसेल, तर निदान आर्द्रतामापक तरी शेजारी ठेवा.

• उरलेला सॉल्व्हंट तपासून सिद्ध करा. एनएमपीचा उत्कलनबिंदू २०२ अंश. तो पॉलिमरमध्ये चिवटपणे राहतो. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये तापमान टप्प्याटप्प्याने वाढवा आणि टीजीए (तापवत वजन मोजण्याची चाचणी) करून वजन कुठे घटते ते पाहा. दोन-तीन टक्के सॉल्व्हंट राहिला तरी साखळ्या सैल किंवा आखडलेल्या होतात आणि मोजमाप पॉलिमरचे न राहता मिश्रणाचे होते.

• जाडी किमान दहा ठिकाणी मोजा. पारगम्यतेच्या सूत्रात जाडी थेट गुणली जाते. जाडीत १० टक्के चूक म्हणजे निष्कर्षात १० टक्के चूक.

काय टाळावे

• ओली फिल्म एकदम १५० अंशांवर टाकू नका. आत अडकलेला सॉल्व्हंट उकळतो आणि फोड येतात.

• पेबॅक्स या पॉलिमरचे द्रावण थंड होईपर्यंत थांबू नका. इथेनॉल व पाण्याच्या मिश्रणात ते गरम असताना विरघळते, थंड झाले की गोठते. कोमट असतानाच ओता.

• फ्यूम हूडबाहेर एनएमपी हाताळू नका. प्रजननावर त्याचे दुष्परिणाम होतात. आकडा पुन्हा मोजता येतो, शरीर पुन्हा मिळत नाही.

३. थर पातळ करताना

लेखाच्या सुरुवातीचे सहा एकर बादलीत मावतात ते याच टप्प्यावर. आणि बहुतेक चांगली पॉलिमर हरतात तीही इथेच.

काय करावे

• छिद्रांचा हिशेब दशलक्षांशात करा. ०.१ मायक्रॉनच्या काचेसारख्या ताठ थरात पृष्ठभागाच्या दहा लाखांत एक-दोन भाग जरी उघडे राहिले, तरी निवडक्षमता कोसळते. मिथेन त्या फटीतून सुसाट जातो. डोळ्याला आणि अनेकदा सूक्ष्मदर्शकालाही अशी फट दिसत नाही. वायूच ती दाखवतो.

• आधी ऑक्सिजन आणि नायट्रोजनने परीक्षा घ्या. निर्दोष पॉलीसल्फोनची या जोडीतली निवडक्षमता साडेपाचच्या आसपास असते. उघड्या सूक्ष्म छिद्रांतून जाणाऱ्या वायूचे प्रमाण रेणुभाराच्या वर्गमुळाने ठरते, म्हणून तिथे ती ०.९४ येते. मोजणी पाचाच्या वर आली तर थर शाबूत आहे. एकाजवळ आली तर छिद्र शोधा. ज्वलनशील वायू जोडण्याआधीच निकाल लागतो.

• सिलिकोनचा लेप द्यायला लाजू नका. मोन्सँटो कंपनीत हेनिस आणि ट्रिपोडी यांनी हाच मार्ग काढला. पॉलीसल्फोनच्या पोकळ तंतूंवर त्यांनी सिलिकोन रबराचा पातळ लेप दिला. लेप स्वतः फारशी निवड करत नाही, पण उघडी छिद्रे बुजवतो. मग वायूला पॉलीसल्फोनमधूनच जावे लागते. १९८० च्या सुमारास ‘प्रिझम’ नावाने हे मेम्ब्रेन बाजारात आले आणि हायड्रोजन परत मिळवण्याचा व्यवसाय उभा राहिला. छिद्र शून्यावर आणण्याचा हट्ट सोडून छिद्राचा परिणाम शून्यावर आणला, यातले शहाणपण आजही तितकेच कामाचे आहे.

• सच्छिद्र आधार आणि निवडक थर यांच्यामध्ये सिलिकोनचा अस्तर-थर द्या. त्यामुळे वरचे द्रावण आधाराच्या छिद्रांत झिरपत नाही आणि पृष्ठभाग गुळगुळीत मिळतो.

• तंतू ओढण्याआधी डोपचा (तंतूंसाठीच्या पॉलिमर द्रावणाचा) श्यानता-आलेख काढा. संहती वाढवत गेल्यावर श्यानता एका ठिकाणी एकदम चढू लागते. त्या वळणाच्या जवळपासची संहती घेतली की पृष्ठथर सलग येण्याची शक्यता वाढते. बहुतेक पॉलिमरसाठी ती वजनाने २५ ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान सापडते.

काय टाळावे

• पाण्याने भिजलेले तंतू थेट वाळवू नका. पाण्याच्या पृष्ठताणाने बारीक छिद्रे मिटतात आणि आधारच बंद होतो. आधी मिथेनॉलमध्ये, मग हेक्झेनमध्ये ठेवा, त्यानंतर वाळवा.

• आधाराचा अडथळा विसरू नका. निवडक थर एक मायक्रॉनच्या खाली गेला की खालचा सच्छिद्र थरही प्रवाह अडवू लागतो. निवडक थर अर्धा करूनही जीपीयू दुप्पट होत नसेल, तर दोष आधारात शोधा.

• सर्वांत पातळ थराचा विक्रम हे ध्येय ठेवू नका. हातभर क्षेत्रात निर्दोष राहणारा ०.३ मायक्रॉनचा थर, नाण्याएवढ्या तुकड्यात टिकणाऱ्या ०.०५ मायक्रॉनच्या थरापेक्षा मोलाचा.

४. भरण-कण मिसळताना

झिओलाइट, झिफ-८, यूआयओ-६६ यांसारखे सच्छिद्र कण पॉलिमरमध्ये मिसळून मर्यादारेषा ओलांडण्याचा प्रयत्न जगभर चालू आहे. कल्पना उत्तम आहे. अडते ते कण आणि पॉलिमर यांच्या सांध्यावर.

काय करावे

• कणाचे छिद्र वायूंच्या जोडीशी जुळवा. निवड करणारे छिद्र दोन वायूंच्या आकारांच्या मध्ये पडायला हवे. त्याहून मोठे असेल तर कण फक्त रस्ता रुंद करतो.

• कणांना आधी पॉलिमरचा पातळ हात द्या. थोड्या विरळ द्रावणात कण विखरून घ्या आणि मग उरलेले पॉलिमर घाला. कणावर पॉलिमर आधी बसले की सांधा घट्ट होतो.

• शक्य असेल तिथे कण वाळवूच नका. झिफ-८ सारखे नॅनोकण एकदा सुकले की गठ्ठे होतात आणि अल्ट्रासाउंडनेही पुरते सुटत नाहीत. धुतल्यावर ओलेच सॉल्व्हंटमध्ये न्या.

• निकाल मिश्रणाची पारगम्यता वर्तवणाऱ्या मॅक्सवेलच्या सूत्राशी ताडून पाहा. पारगम्यता अपेक्षेपेक्षा खूप वाढली आणि निवडक्षमता घटली, तर कणाभोवती पोकळी राहिली आहे. दोन्ही अपेक्षेपेक्षा कमी आली, तर पॉलिमरने कणाचे तोंड बुजवले आहे किंवा ते कणाशेजारी आखडले आहे.

काय टाळावे

• कणांचे प्रमाण वाढवणे म्हणजे सुधारणा, असे धरून चालू नका. ३० टक्क्यांच्या पुढे बहुतेक फिल्म ठिसूळ होतात.

• फिल्मची एकच बाजू पाहून समाधान मानू नका. सावकाश वाळणाऱ्या फिल्ममध्ये कण तळाला बसतात. आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासा.

५. मोजताना

काय करावे

• मोजणीच्या सेलची गळती आधी मोजा. मेम्ब्रेनच्या जागी अॅल्युमिनियमची चकती बसवा, निर्वात करा आणि दाब किती वेगाने वाढतो ते लिहून ठेवा. हा वेग प्रत्येक मोजणीतून वजा करा. मंद झिरपणाऱ्या पॉलिमरमध्ये गळती हीच मोजणी होऊन बसते.

• स्थिर प्रवाहाची वाट पाहा. टाइम-लॅगच्या, म्हणजे वायूला फिल्म ओलांडून स्थिर प्रवाह धरायला लागणाऱ्या विलंबाच्या, तिप्पट वेळेला प्रवाह अंतिम मूल्याच्या सुमारे ९८ टक्क्यांवर पोहोचतो. काचेसारख्या ताठ पॉलिमरमध्ये त्याहूनही थांबावे लागते. पहिली सरळ दिसणारी रेघ म्हणजे स्थिर प्रवाह नव्हे.

• टाइम-लॅगसाठी पुरेशी जाड फिल्म घ्या. टाइम-लॅग जाडीच्या वर्गाने बदलतो. ५० मायक्रॉनच्या फिल्ममध्ये तो २०० सेकंद असेल, तर ५ मायक्रॉनमध्ये फक्त २ सेकंद उरतो. त्यात झडप उघडण्याचा वेळही सामावत नाही.

• किमान तीन वेगवेगळ्या घाण्यांतल्या फिल्म मोजा. एकाच फिल्मचे तीन तुकडे म्हणजे तीन पुरावे नव्हेत.

• तापमान लिहा आणि स्थिर ठेवा. अनेक प्रयोगशाळा ३५ अंशांवर मोजतात, म्हणून तुलनेला ते सोयीचे पडते.

काय टाळावे

• कार्बन डायऑक्साइडने सुरुवात करू नका. तो पॉलिमरला फुगवून त्याची रचना बदलून जातो. क्रम असा ठेवा: हेलियम, नायट्रोजन, ऑक्सिजन, मिथेन आणि सर्वांत शेवटी कार्बन डायऑक्साइड. मग नायट्रोजन पुन्हा एकदा मोजा. तो पहिल्यापेक्षा वेगळा आला, तर पॉलिमरमध्ये काय घडले ते कळते.

• ओ-रिंगखालचे क्षेत्र हिशेबात धरू नका. ज्यातून वायू खरोखर जातो तेवढेच क्षेत्र मोजा.

६. खऱ्या वायूसमोर उभे करताना

काय करावे

• दाब वाढवत पारगम्यतेचा आलेख काढा. काचेसारख्या पॉलिमरमध्ये कार्बन डायऑक्साइडची पारगम्यता दाबाबरोबर आधी घटते आणि एका बिंदूनंतर चढू लागते. तो चढ आनंदाचा नाही. पॉलिमर फुगून सैल होत आहे आणि आता मिथेनही सुटणार, याची ती सूचना आहे. याला प्लॅस्टिसायझेशन म्हणतात. अनेक परिचित पॉलिमरमध्ये हा बिंदू साधारण १० ते ३५ बारच्या टापूत येतो, आणि पातळ थरात जाड फिल्मपेक्षा लवकर येतो.

• दाब खाली आणतानाही मोजा. उतरतीची रेघ चढतीवर बसली नाही, तर पॉलिमर आधीच्या जागी परतलेले नाही.

• मिश्र वायूनेच अंतिम निकाल द्या. शुद्ध वायूंचे दोन आकडे भागून आलेली निवडक्षमता ही आशा असते. मिश्रणात दोन गोष्टी एकदम घडतात: कार्बन डायऑक्साइड विरघळण्याच्या जागा अडवून मिथेनला बाहेर ठेवतो, त्यामुळे निवड सुधारू शकते, आणि दाब वाढला की तोच पॉलिमर फुगवून मिथेनला वाट करून देतो, त्यामुळे ती बिघडते. कोणती बाजू जिंकेल ते कागदावर ठरत नाही.

• मिश्र वायू मोजताना फीडमधला, म्हणजे आत सोडलेल्या मिश्रणातला, १ टक्क्याहून कमी वायू पलीकडे जाईल इतका फीडचा प्रवाह ठेवा. नाहीतर मेम्ब्रेनच्या एका टोकाला एक मिश्रण आणि दुसऱ्या टोकाला वेगळेच, अशी स्थिती होते.

• साखळ्या एकमेकींना बांधून फुगणे रोखा, पण किंमत मोजून. रासायनिक आडबंध घातले की पॉलिमर दाबाला टिकते, मात्र पारगम्यता बहुधा घटते. टिकण्यासाठी किती गती द्यायची, हे वापराच्या दाबावरून ठरवा.

काय टाळावे

• अमाइनच्या मदतीने वायू वाहणारी मेम्ब्रेन कोरड्या वायूने तपासू नका. पॉलिव्हिनिलअमाइनसारख्या पॉलिमरमध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्याच्या साथीने अभिक्रिया करून पलीकडे पोहोचतो. ओलावा नसेल तर ते पॉलिमर मुके राहते.

• २ बारवरचा आकडा ४० बारच्या दाव्यासाठी वापरू नका.

७. काळाची परीक्षा घेताना

काय करावे

• फिल्मचे वय प्रत्येक आकड्याशेजारी लिहा. काचेसारख्या पॉलिमरमधली अतिरिक्त मोकळी जागा हळूहळू मिटत जाते. पारगम्यता घटते, निवडक्षमता अनेकदा थोडी वाढते. पिम-१ मिथेनॉलमध्ये भिजवून वाळवले की त्याचा पूर्वेतिहास पुसला जातो आणि पारगम्यता उंचावते. ती ताजी फिल्म आणि तीच फिल्म सहा महिन्यांनी, ही दोन वेगळी मेम्ब्रेन आहेत.

• पातळ थराचे वय पातळ थरावरच मोजा. एक मायक्रॉनच्या खालचे थर जाड फिल्मपेक्षा कितीतरी वेगाने म्हातारे होतात. जाड फिल्म वर्षभर टिकली, यावरून कारखान्यातल्या थराविषयी काहीच सिद्ध होत नाही.

• वेळेचा अक्ष लॉगरिथमिक ठेवा. पहिला तास, पहिला दिवस, दहावा दिवस, शंभरावा दिवस. ऱ्हास कुठे मंदावतो ते असे दिसते.

काय टाळावे

• पहिल्या दिवसाचा आकडा शीर्षकात आणि शंभराव्या दिवसाचा तळटीपेत, अशी मांडणी करू नका.

८. प्लांटवर नेताना

बायोगॅसपासून वाहनांचे इंधन तयार करण्याला चालना देणारी ‘सतत’ योजना २०१८ मध्ये सुरू झाल्यापासून साखर कारखान्यांच्या आवारात बायोगॅस शुद्ध करण्याची चर्चा वाढली आहे. भारतीय मानक आयएस १६०८७ नुसार अशा इंधनात किमान ९० टक्के मिथेन हवा. मेम्ब्रेनची इथली मोठी सोय म्हणजे मिथेन दाबाच्या बाजूलाच राहतो. पुन्हा दाबायला कमी वीज लागते.

काय करावे

• मेम्ब्रेनच्या आधी वायू स्वच्छ करा. हायड्रोजन सल्फाइड, पाण्याची वाफ, कॉम्प्रेसरचे तेल आणि सांडपाण्याच्या बायोगॅसमधले सिलोक्झेन हे सगळे पॉलिमरचे शत्रू. चिलर, तेल पकडणारा फिल्टर आणि सक्रिय कोळसा यांवरचा खर्च म्हणजे मेम्ब्रेनचा विमा.

• मेम्ब्रेनची मॉड्यूल ठेवलेल्या कंटेनरचे तापमान आवरा. तापमान वाढले की पारगम्यता वाढते आणि निवडक्षमता घटते. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या कंटेनरमधले मॉड्यूल प्रयोगशाळेतल्या मॉड्यूलसारखे वागणार नाही.

• दोन किंवा तीन टप्पे लावा आणि मधला परमिएट (पलीकडे गेलेला वायू) कॉम्प्रेसरकडे परत फिरवा. एकाच टप्प्यात शुद्धता गाठायला गेले की बराच मिथेन पलीकडे निसटतो.

काय टाळावे

• निसटलेला मिथेन ‘थोडाच आहे’ म्हणून हवेत सोडू नका. शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. पर्यावरणासाठी उभा केलेला प्लांट याच गळतीने आपले श्रेय गमावतो.

• हवा खेळती नसलेल्या खोलीत मॉड्यूल उघडू नका. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की ठिणगी पुरते. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वासच येईनासा होतो. वास नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. गॅस डिटेक्टर लावा.

९. निष्कर्ष लिहिण्याआधी

स्वतःला हे सात प्रश्न विचारा आणि उत्तरे आकड्यांत लिहा:

• थर किती जाड आहे आणि किती ठिकाणी मोजला?
• ऑक्सिजन व नायट्रोजनच्या परीक्षेत तो निर्दोष ठरला का?
• उरलेला सॉल्व्हंट तपासला का?
• मिश्र वायूत, वापराच्या दाबावर निवडक्षमता किती?
• दाब उतरवल्यावर फिल्म पूर्वपदावर आली का?
• फिल्मचे वय किती?
• दुसऱ्या कुणी, दुसऱ्या घाण्यातून हाच आकडा काढला का?

सातवा प्रश्न सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थिनीला तुमची वही द्या. तुम्हाला काहीही न विचारता तिने फिल्म ओतली, वाळवली, मोजली आणि तोच आकडा काढला, तर तुमच्या हाती खरोखर एक मेम्ब्रेन आहे. आकडा वेगळा आला तर वहीत काहीतरी लिहायचे राहिले आहे: त्या दिवशीची आर्द्रता, ओव्हनचा एखादा टप्पा, फिल्मचे वय. ते शोधा आणि वहीत भरा. सहा एकरांची बादली होते ती अशाच भरलेल्या ओळींनी.